ते आलं का?

बापू, हल्ली तुमच्यावर सोळा-सतरा वर्षांच्या पोरी भाळल्या आहेत. हे ऐकून तुम्ही कानामागची पेन्सिल काढली असती, तिचं टोक जिभेला लावलं असतं आणि समोरच्या ग्राफ पेपरवर वाकला असता, हे मला माहीत आहे. पण खोटं सांगत नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आता पुण्यापासून लातूरपर्यंतच्या मुली वहीच्या मागच्या पानावर तुमचं चित्र काढतात. चित्रात तुम्ही बावीस वर्षांचे आहात, डोक्यावरचे सगळे केस जागेवर आहेत आणि नाव भलतंच आहे. तरी मी तुम्हाला पहिल्या पानावरच ओळखलं. ओळखल्यावर आनंद व्हायला हवा होता. माझा जळफळाट झाला.

सुरुवात माझ्या वर्गात झाली. मी मराठी शिकवायला लागले ते तुम्ही पाहून गेलात. शाळा अजून तीच, सोलापूरच्या पूर्व भागातली, जिथे निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. पोरं हुशार असतात, पण 'ती'च्या जागी हमखास 'ते' लिहितात. 'माझी आई लवकर उठतं. ते चहा करतं.' तेलुगूत बाईला आणि वस्तूला एकच सर्वनाम, त्यामुळे मराठीत आल्यावर आई, बहीण, म्हैस आणि मुख्याध्यापिका सगळ्या एका रांगेत 'ते' होऊन बसतात. इतकी वर्षं मी त्या 'ते'भोवती लाल शाईने गोल काढत आले. गेल्या महिन्यात नववीतल्या एका मुलीच्या निबंधात असे अकरा गोल झाले, म्हणून मी तिला उभं केलं. ती म्हणाली, "मॅडम, पण पुस्तकात चालतंय की." कुठल्या पुस्तकात, असं विचारल्यावर तिने दप्तरातून एक जाडजूड कादंबरी काढली. "ह्यातला हिरो हिरॉइनला 'ते'च म्हणतो, मॅडम. लई भारी वाटतं." सगळ्या मुली खाली माना घालून हसल्या आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "ते आलं का?" त्यावर अख्खा वर्ग हसला. मी पुस्तक जप्त केलं.

पुस्तकावरचं नाव मला नवीन नव्हतं. आपल्या बोळात समोरच्या दाराला राहायची, माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर बसायची, तीच. तिचे वडील बसच्या डेपोत कामाला, मूळचे नातेपुत्याकडचे, तुम्ही त्यांना 'पाव्हणं' म्हणायचा. ती आता पुण्यात असते आणि तरुण मुलामुलींसाठी प्रेमकथा लिहिते. चार कादंबऱ्या झाल्या आहेत आणि दोन चित्रकादंबऱ्या, त्यांतली चित्रंही तिचीच. हे सगळं मला माहीत होतं आणि माहीत असूनच मी तिचं एकही पुस्तक हातात धरलं नव्हतं. पोरीटोरींची पुस्तकं, असं मी स्टाफरूममध्ये म्हणायचे. माझ्या घरात, माझ्या मुलीच्या कपाटाच्या दारावर तिच्या नायकाचं पोस्टर वर्षभर लागलेलं होतं, त्याच्याकडेही मी मान वर करून पाहिलं नाही. कारण तुम्हाला सांगायला हरकत नाही. मीही लिहायचे. शाळेच्या वार्षिकात दोन कविता आल्या, कॉलेजात असताना एका दिवाळी अंकाला कथा पाठवली, ती साभार परत आली आणि त्यानंतर मी दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासायला लागले. तिला मराठीत कधी पन्नासच्या वर मार्क पडले नाहीत. मला कधी पंच्याऐंशीच्या खाली पडले नाहीत.

जप्त केलेलं पुस्तक मी मधल्या सुट्टीत उघडलं, आणि शाळा सुटली तरी स्टाफरूममध्येच बसून होते. नायक चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढतो. त्याच्या उजव्या कानामागे लाल-निळी पेन्सिल असते, एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी. ग्राफचे चौकोन भरताना तो मनात मोजतो आणि त्याचे ओठ हलतात. कडक भाकरी तो आधी मुठीने मोडतो, मग तिचे सगळे तुकडे एकसारखे करून ताटात मांडतो. बोलताना कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. समोरच्या दारातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीवर त्याचं प्रेम आहे, पण अख्ख्या पुस्तकात तो ते एकदाही बोलून दाखवत नाही. रोज कॉलेज सुटायच्या वेळेला दारात येऊन उभा राहतो आणि बोळातून जो कुणी येईल त्याला विचारतो, "ते आलं का?" बस, एवढंच. एवढ्यावर पोरी रडतात. मोबाइलच्या कव्हरवर हे तीन शब्द छापून मिळतात, माझ्या मुलीच्या मोबाइललाही तेच कव्हर आहे.

बापू, तो प्रश्न माझा होता. मी शाळेतून यायची वेळ झाली की तुम्ही दारात उभं राहून विचारायचा, अम्माला नाही, बोळातल्या लोकांना, आणि मला तो कोपऱ्यापासून ऐकू यायचा. आता तो मोबाइलच्या पाठीवर चिकटवून कुणीही फिरतं. आणि त्या कादंबरीत मी कुठे आहे म्हणाल, तर मी तुमची धाकटी बहीण आहे. दोन वेण्या, हातात पुस्तक, कपाळाला आठी. चार ठिकाणी येते. एकदा चहा आणून ठेवते, दोनदा दार लावून घेते आणि एकदा 'दादा, अभ्यास करू दे' म्हणते. तुम्ही नायक, समोरच्या दारातली नायिका, आणि तुमच्या पोटची पोर चहा आणून ठेवायला. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर हसलं असतं, मला नाही जमलं.

दुपारचे साडेतीन वाजलेले असायचे. पहिली पाळी संपवून तुम्ही घरी आलेले असता, केसांत सुताचा भुगा, तो अम्मा टॉवेलने झटकते आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटते. तुम्ही भिंतीला पाठ लावून बसता, मांडीवर पाट, पाटावर ग्राफ पेपर. अम्माशी तुमची तेलुगू, माझ्याशी मात्र मराठीच. तेलुगू शाळा दोन गल्ल्या सोडून असताना तुम्ही मला हट्टाने मराठी शाळेत घातलं होतंत आणि घरातही माझ्याशी मराठी बोलायचं ठरवलं होतंत. कुणी विचारलं तर म्हणायचा, "पोरगीला हितंच ऱ्हायाचं हाय. मराठी पायजे त्याला." तुमची मराठी कारखान्यात उभ्या-उभ्या शिकलेली. तिच्यात पुरुष तेवढे पुरुष होते आणि बाकी सगळं जग 'ते' होतं. अम्मा 'ते', मी 'ते', मालकाची बायको 'ते', चादर 'ते'. मला लहानपणी त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर वाटायचं, 'ते' हे माझंच एक नाव आहे.

समोरच्या दारातली ती तुमच्या उजव्या बाजूला बसायची, मी डाव्या. तिच्या घरी तीन भाऊ, पाय पसरायला जागा नाही, म्हणून ती दप्तर घेऊन आपल्याकडे यायची आणि दप्तर न उघडताच ग्राफ पेपर मागायची. तुम्ही आम्हा दोघींना एकच गोष्ट परत परत सांगायचा, "खालनं वर जायाचं. माग खालनं विनतो. वरनं वाचलं की समदं उलटं." मी चौकोन भरायचे, चुकायचे, खोडरबराने खोडायचे, परत भरायचे, आणि कागदाला भोक पडायचं. ती खोडायचीच नाही. चुकलेला चौकोन तसाच ठेवून पुढे जायची आणि त्या चुकीला कुठेतरी जागा करून द्यायची. एकदा तिने मोर काढला, त्याची मान एक चौकोन जास्त लांब झाली, आणि तुम्ही तो कागद दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ पाहत राहिलात. मग अम्माला हाक मारून, आमच्यासमोर मराठीतच म्हणालात, "बघ, ते कसं काढतंय." तुम्ही कोऱ्या लाल-निळ्या पेन्सिलीला टोक काढून ती तिला दिलीत. मला दिली नाहीत असं नाही, मला दुसऱ्या दिवशी दिलीत. पण मधला तो एक दिवस मी अजून विसरलेले नाही.

आता त्या पालकसभेबद्दल लिहायला हवं. नववीचा वर्ग. बाई एकेका पालकाला फळ्याजवळ बोलवत होत्या आणि आम्ही मुली बाकांवर बसून ऐकत होतो. तुम्ही कारखान्यातून थेट आला होतात, तोच भुगा केसांत. बाईंनी विचारलं, "घरी अभ्यास करते का हो?" तुम्ही हात जोडून म्हणालात, "करतं की बाई. ते लई हुशार हाय. घरात बोलत न्हाय, पुस्तकात तोंड घालून बसतं. तुमचं बी नाव काढतं. म्हनतं, आमचं बाई लई चांगलं शिकवतं." बाई म्हणाल्या, "ते? ते काय, टेबल आहे का? मुलगी आहे ना तुमची?" तुम्ही म्हणालात, "व्हय, पोरगीच हाय की ते." आणि वर्ग हसला. बाईही हसल्या. तुम्हाला कळलं नाही कशाला, पण सगळे हसतायत म्हणून तुम्हीही थोडंसं हसलात.

घरी येताना मी तुमच्या दहा पावलं पुढे चालत होते. दारात आल्यावर चप्पलही न काढता मी तुम्हाला सुनावलं. म्हणाले, "बापू, पोरगीला 'ती' म्हणतात. 'ते' म्हणजे वस्तू. मी वस्तू आहे का? इतकी वर्षं सोलापुरात राहून एवढं येत नाही? यापुढे शाळेत येऊ नका." अम्मा स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिला मराठीतलं भांडण अर्धंच कळलं. तुम्ही म्हणालात, "बरं." मग हातपाय धुऊन आलात, भिंतीला पाठ लावून बसलात आणि म्हणालात, "चुकलं."

नंतर तीन-चार दिवस तुम्ही माझ्याशी मराठीत काहीच बोलला नाहीत. आणि एका संध्याकाळी अम्माला, पण मला ऐकू जाईल असं, मराठीत विचारलंत, "ती... जेवली का?" 'ती'च्या आधी नाही, 'ती'च्या नंतर थांबायचा तुम्ही. पुढचं क्रियापद मनात जुळवून बघायचा आणि मग बोलायचा. ती आली. ती बसली. ती झोपली. एकदाही चुकला नाहीत. पण दारात येऊन बोळाला विचारणं बंद झालं, कारण एवढं थांबून, विचार करून माणूस हाक मारू शकत नाही. आणि ज्या संध्याकाळी समोरची ती यायला उशीर करायची, त्या संध्याकाळी तुम्ही पूर्वीसारखेच उठून दारात जायचा आणि समोर बघून मोकळ्या गळ्याने विचारायचा, "ते आलं का?" मी आत पुस्तकात तोंड घालून बसलेली असायची. मला वाटायचं, तिच्यासाठीही सुधारतील, आज नाही तर उद्या. तुम्ही शेवटपर्यंत तिला 'ते'च म्हणालात. माझा शब्द मीच टाकला होता आणि तिने तो उचलला, यात तिचा काय दोष, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की माझ्या वाट्याला व्याकरण आलं आणि तिच्या वाट्याला बापू.

पुस्तक वाचून आठ दिवस होत नाहीत तोच तिचा निरोप आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. लिहिलं होतं, 'अगं, पुढच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर बापूंचं नाव टाकायचं मनात आहे. त्यांच्या हातचा एखादा ग्राफ असेल तर तो तिथे छापू. तुझी हरकत नसेल तरच.' मी संध्याकाळी उत्तर लिहिलं, 'सगळे कागद वाळवीने खाल्ले.' तुमची सगळी डिझाइनं माझ्या पलंगाखाली लोखंडी पेटीत आहेत, बापू. एका कागदाला डाग नाही.

मागच्या रविवारी सकाळी एका कॉलेजच्या सभागृहात तिचा कार्यक्रम होता. मी जाणार नव्हते, माझ्या मुलीने ओढत नेलं. आत सगळ्या शाळा-कॉलेजच्या पोरी, प्रत्येकीच्या हातात तेच पुस्तक. ती स्टेजवर आली, साधा कॉटनचा ड्रेस, केस पांढरे व्हायला लागलेत, ते रंगवलेले नाहीत. एका मुलीने उभं राहून विचारलं, "मॅडम, हे 'ते' तुम्हाला सुचलं कसं?" सगळ्या सभागृहाला तेच हवं होतं. मला वाटलं, आता ही काहीतरी साहित्यिक बोलणार.

ती म्हणाली, "मला नाही सुचलं गं. आमच्या समोर एक बापू राहायचे, चादरीचे डिझाइनर. माझ्या घरात मला नावाने कुणी हाक मारत नव्हतं. 'ए, पाणी आण. ए, सरक.' आणि समोरचे बापू दारात येऊन विचारायचे, 'ते आलं का?' म्हणजे मी आले का. मला उशीर झाला तर कुणाला तरी कळतंय, एवढंच होतं त्यात. मोठी झाल्यावर प्रेमाबिमाबद्दल लिहायला बसले तर मला दुसरं काही येईचना." मुलींनी टाळ्या वाजवल्या. ती थांबली नाही. म्हणाली, "पण खरं सांगू का, तेव्हा मला त्यांच्या मुलीचा लई हेवा वाटायचा. बाईंनी वर्गात टोकलं, तर त्या माणसाने मुलीसाठी स्वतःची भाषा बदलली. तिला 'ती' म्हणायचे. शब्द जुळवून, जपून, 'ती... आली.' मला वाटायचं, आपण परके, म्हणून आपल्याला चुकलेलं मिळतं. घरच्या पोरीला बरोबर मिळतं, मानाचं. माझ्यासाठी कोण एवढं शिकत बसणार?"

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. माझी मुलगी माझ्याकडे बघायला लागली. चादरीचे डिझाइनर, पूर्व भाग, समोरचं दार, तिला हिशोब लागायला फार वेळ लागला नाही. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते तुम्ही बघायला हवं होतंत. "मम्मी," ती कानात म्हणाली, "तो आजोबा आहे?" मी मान हलवली. "शी, आणि मी पोस्टर लावलंय."

सही घ्यायच्या रांगेत आमची पाळी आली तेव्हा ती खुर्चीवरून उठली आणि टेबलाला वळसा घालून माझ्यापाशी आली. म्हणाली, "वाळवीचं ऐकून मला लई वाईट वाटलं गं. एक मोर होता, लांब मानेचा. तो तरी असायला हवा होता." मी काही म्हणायच्या आत माझी मुलगी म्हणाली, "कुठली वाळवी? पेटी तर लोखंडाची आहे." बापू, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका भर वर्गात दाखवत आले आहे. त्या दिवशी मला कळलं की तेव्हा समोरच्याला कसं वाटत असेल. तिने एकदा माझ्याकडे, एकदा मुलीकडे बघितलं आणि म्हणाली, "राहू दे गं. तुझंच आहे ते." आणि माझ्या मुलीच्या पुस्तकावर सही करायला वाकली. ती रागावली असती तर मला परवडलं असतं.

घरी आल्यावर, जेवणही व्हायच्या आधी, आम्ही दोघींनी पेटी बाहेर ओढली. मुलीने एकेक कागद जमिनीवर पसरला. कमळं, चौकटी, वेलबुट्टी, आणि तिचा तो लांब मानेचा मोर. तुम्ही तो तुमच्या कागदांत ठेवला होतात, खाली तारीख न टाकता. माझं एकही चित्र पेटीत नव्हतं, ते मी आधीच धरून चालले होते. सगळ्यात तळाला एक ग्राफ पेपर चार घड्या घालून ठेवलेला होता. मला वाटलं एखादं अर्धवट डिझाइन. उघडला तर त्यात शब्द होते. तुम्हाला मराठी लिहिता यायचं नाही, म्हणून तुम्ही अक्षरं काढली होतीत, चौकोन चौकोन भरून, कमळ काढतात तशी. माझ्या पाठ्यपुस्तकात बघून काढली असणार. काही शब्द लाल, काही निळे, काही साध्या शिसपेन्सिलीने. चादर लाल, भाकरी लाल, शाळा लाल. माग निळा, धागा निळा. सूत, कापड, घर शिसपेन्सिलीने. 'पेन' आधी निळा भरून मग खोडलेला, त्यावर प्रश्नचिन्ह. पेनचं तर आम्हा शिक्षकांतही अजून एकमत नाही. मला जरा वेळाने उमगलं की लाल म्हणजे ती, निळा म्हणजे तो. कागद वरून खाली चांगला हातभर. कधी बसलात हे करायला, मला ठाऊक नाही, मी त्याच घरात होते.

मुलगी वरून वाचत होती. मी तिला म्हणाले, खालून वाच, आजोबांचं खालून सुरू होतं. सगळ्यात खालच्या ओळीत एकच शब्द होता, 'पोरगी'. लाल रंग इतका दाबून भरलेला की कागदाच्या मागे त्याचे फुगवटे हाताला लागतात.

त्या मोराचा फोटो मुलीने तेव्हाच तिला पाठवला, माझ्या मोबाइलवरून, मला विचारून. मूळ कागदही कुरिअर करणार आहे, तो तिचाच आहे. शब्दांचा कागद मी देणार नाही, तो असल्याचं तिला कळवणारही नाही. तिच्याकडे तुमचं पुष्कळ आहे. आणि खरं म्हणाल तर हा कागद हातात असूनसुद्धा मला तिचा हेवा वाटतोच. तुम्ही माझ्यासाठी एवढे कष्ट घेतलेत, ते मला दिसतं. पण मला कष्ट नको होते, बापू, मला बोळाच्या कोपऱ्यापासून ऐकू येणारं ते चुकीचं हवं होतं. वर्गात मी अजूनही त्या 'ते'भोवती गोल काढते, चूक ती चूकच. फक्त आता कुणाला उभं करत नाही.

त्याच रविवारी संध्याकाळी मुलीने पोस्टर काढलं, थोड्या वेळाने परत लावलं आणि खाली पेनने 'बापू' असं लिहिलं. मग त्याच गोष्टीची चित्रकादंबरी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्यात मूळ कादंबरीत नसलेला एक प्रसंग आहे. नायक धाकट्या बहिणीच्या शाळेत पालकसभेला जातो आणि 'ते' म्हणतो. पूर्ण दोन पानांचं एकच चित्र, वर्गातल्या सगळ्या मुली हसतायत, बाई हसतायत, उघडी तोंडंच तोंडं. मधल्या बाकावर दोन वेण्यांची ती बहीण, मान खाली, डोळे भरलेले, ओठ घट्ट मिटलेले. तिच्या शेजारी बसलेली मुलगी तिच्याकडे बघते आहे. "मम्मी, बघ," माझी मुलगी म्हणाली, "अख्ख्या वर्गात एकटी तू हसत नाहीस." आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी तिला काही सांगितलं नाही.

तुम्हाला सांगते. तुम्ही "पोरगीच हाय की ते" म्हणालात तेव्हा वर्ग हसला, असं मी वर लिहिलं आहे. वर्ग नंतर हसला. आधी मी हसले, मोठ्याने, म्हणजे बाकीच्यांना कळावं की मी तुमच्यासारखी नाही, मी त्यांच्यातली आहे. तुम्ही माझा आवाज ओळखला असेल, म्हणूनच तुम्हीही हसलात. माझ्या शेजारी ती बसली होती, बापू. तिने पाहिलं होतं. चित्रात तिने माझं तोंड मिटून ठेवलं आहे.